टाकी अर्धी झाली की पेट्रोलचा काटा एकदम पडतो. मीटर बदलायचं का?

सेलूकर
नमस्कार मंडळी. गाडी 2010 ची, पेट्रोल. टाकी फुल केली की काटा बरोबर वर जातो, उतरतोही बरोबर. पण अर्ध्याच्या जरा खाली आला की धप्पकन पडतो, टाकी रिकामी दाखवायलाय. गतिरोधकावर गाडी उडाली की पुन्हा वर. पाथरी-माजलगाव रोडला तर नुसता नाचायलाय. आणि पिवळा दिवा मात्र शहाणा आहे, टाकी खरंच तळाला गेली तरच लागतो.

एक गॅरेजवाला म्हणतो मीटर बदला, दुसरा म्हणतो टाकीतला पंप अख्खाच बदला. सीट उचलून कुणीच बघितलं नाही. आमचे वडील तर म्हणायलेत, पंपावालाच माप मारायलाय. सोयाबीनचे पैसे अजून हातात नाहीत, म्हणून आधी विचारतो: नेमकं काय गेलंय ते घरी कळतं का? मल्टिमीटर आहे, विहिरीवरच्या स्टार्टरसाठी घेतलेला.

अंबाजोगाईचा
गाडी कुठं लावता? गोठ्याजवळ, पोत्यांजवळ लावत असाल तर आधी उंदीर बघा. आमच्याकडं मागच्या सीटखालची वायर कुरतडली होती, काटा असाच मरायचा.

बाकी वडिलांना सांगा, मापाची शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप असतं. मागितलं की त्यात ओतून दाखवावं लागतं. काट्यावरून पंपाला चोर ठरवू नका.

लातूरचा वायरमन
सेलूकर, दिव्याचं लिहिलंत ते फार कामाचं आहे. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत दिव्यासाठी टाकीच्या तळाशी वेगळा थर्मिस्टर (तापला की रेझिस्टन्स बदलणारा भाग) असतो. पेट्रोलात बुडालेला असतो तोवर थंड, उघडा पडला की तापतो आणि दिवा लागतो. काट्याचा रस्ता निराळा. तिथं फ्लोट (पेट्रोलावर तरंगणारा भाग), फ्लोटची दांडी, आणि दांडीच्या टोकाचा कॉन्टॅक्ट जो रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो. दिवा खरं बोलतो आणि काटा खोटं, म्हणजे संशय त्या पट्टीवर जातो. इंजिनाच्या तापमानाचा काटा ठीक चालतो ना? दोन्ही काटे एकदम वेडे झाले असते तर मी मीटरचा सप्लाय किंवा अर्थ आधी बघितला असता.

दुसरं, काटा पडतो तो नेहमी त्याच जागी. मीटर बिघडलं तर असा जागा धरून बसत नाही. पट्टी त्याच जागी झिजलेली असते. कायम ‘पाचशेचं टाका’ म्हणणाऱ्यांच्या गाडीत पाव ते अर्धा हाच पट्टा दिवसरात्र घासला जातो. (तुम्ही तसे आहात असं म्हणत नाही. पण असालच.)

आता खात्री कशी करायची ते सांगतो. मागची सीट उचला. खाली झाकण असेल तर त्याखाली कनेक्टर दिसेल. काही गाड्यांत झाकणच नसतं, टाकी उतरवावी लागते. तसं असेल तर घरी हात लावू नका. कनेक्टरमध्ये जाड वायरी पंपाच्या, बारीक वायरी सेंडरच्या, म्हणजे फ्लोट, दांडी आणि पट्टीच्या त्या संचाच्या. वायरिंगचा नकाशा बघून काट्याची वायर ओळखा. पंपाच्या वायरीला अर्थ दिला तर फ्यूज गेलाच म्हणून समजा.

किल्ली ऑन करून कनेक्टर काढा. काटा रिकाम्याकडं जाऊन बसला पाहिजे, कारण संपर्क तुटला की तुमचा काटा तिकडंच पडतो. मग काट्याच्या वायरीला 12 व्होल्टच्या छोट्या, साधारण 3 वॅटच्या बल्बमधून अर्थ द्या. थेट बॉडीला टेकवू नका. काटा सावकाश वर चढला तर मीटर आणि वायर दोन्ही धडधाकट, दोष टाकीत. नाहीच हलला तर उंदीर, वायर, मग मीटर, या क्रमानं जा.

टाकी उघडायची वेळ आली तर पेट्रोल पावभागच असू द्या. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. उन्हात नाही, बंद शेडमध्ये नाही, आणि बिडीवाल्याला लांब बसवा. अजून एक, आपल्याकडची काळी माती त्या झाकणाभोवती थर करून बसलेली असते. ती आधी ब्रशनं नि हवेनं पूर्ण साफ करा, नाहीतर सगळी टाकीत जाईल आणि चांगला पंपही बाद होईल.

सेंडर बाहेर आला की मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी हळूहळू वरखाली करा. आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, त्याचं मनावर घेऊ नका. आकडा सलग बदलतो का एवढंच बघा. मध्येच सर्किट तुटलं तर सापडलं. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल शिरून जड झाला असेल तर तोही काटा खाली ओढतो.

नांदेडची ताई
काकांचं बरोबर, पण नव्या गाडीवाल्यांनी हा बल्बाचा प्रयोग करू नये. तिथं सेंडरची वायर बऱ्याचदा कॉम्प्युटरकडं जाते आणि काटा त्याच्या सांगण्यावर चालतो. आधी स्कॅनर लावून इंधनाची टक्केवारी वाचावी. स्कॅनर बरोबर आणि काटा चूक असेल तर क्लस्टरचा, म्हणजे समोरच्या मीटरचा घोळ, दोन्ही चूक असतील तर सेंडर नाहीतर त्याची वायरिंग.

सेलूकर
काका, बल्ब लावला, काटा सरसर वर गेला. तापमानाचा काटा ठीकच होता. उंदराचा पत्ता नाही. मग इथल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावून मोकळ्या अंगणात टाकी उघडली. झाकणावर मातीचा थर खरंच बोटभर होता! मल्टिमीटर मधल्याच पट्ट्यात तुटायलाय, बाकी सगळीकडं आकडा सुरळीत.

तो म्हणाला कॉन्टॅक्टची पत्ती जरा वाकवून पट्टीच्या न झिजलेल्या भागावर आणू, चालेल. चालवावं का, की सेंडर बदलावा?

लातूरचा वायरमन
चालेल, पण किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. टाकी उघडलीच आहे तर नवीन सेंडर टाका. पंपाशिवाय नुसता सेंडर मिळतो का ते आधी विचारा, बऱ्याच गाड्यांना मिळतो. वरची रबरी रिंग मात्र नवीनच घ्या. जुनी फुगलेली असते, बसवली तर गाडीत पेट्रोलचा वास सुटतो.

सेलूकर
परभणीत नुसता सेंडर नाही मिळाला, नांदेडहून मागवलाय. रिंगही सांगितली. तोवर पत्ती वाकवून चालवायलोय, आणि टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर, किलोमीटरवरून पेट्रोलचा अंदाज घ्यायलोय. वडील अजून पंपावाल्यावरच अडून बसलेत, उद्या त्यांना 5 लिटरचं माप दाखवायला घेऊन जायलोय.