स्वयंपाकघरातलं भिंतीतलं फडताळ : किती जुनं, काय किमतीचं?

पेठकरीण:
नारायण पेठेतला आमचा वाडा लवकरच पुनर्विकासासाठी पाडणार आहेत. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी भिंतीतच बसवलेलं फडताळ आहे. दोन झडपा, चार फळ्या, खाली बरण्यांसाठी खोल कप्पा, वरून हिरवा ऑइलपेंट. आई म्हणते, पेशवाईतलं आहे. जुनं लाकूड घेणाऱ्याने चौकटीसकट आठ हजार सांगितले. आजीचं दूधतूप, मेतकूट, सगळं यातच असायचं. मला ते मोडीत घालवत नाही. भाऊ न्यूजर्सीला न्यायचं म्हणतोय. वय कसं ओळखू?

रंधा:
ताई, आठ हजारांना हो म्हणू नका. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, म्हणून सांगतो. फळीच्या रंधा न मारलेल्या बाजूवर बॅटरी तिरकी धरा. करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतरावर असतील, तर फळी हाताने कापलेली. एकसारख्या कमानी दिसल्या तर गोल पात्याच्या यंत्रावरची, मग पेशवाईचं नाव नको. हातकापणी मात्र विसाव्या शतकातही चालू होती, तेव्हा तेवढ्यावर 1818 च्या मागे जाऊ नका.

मग सांधे बघा. साल-कुसू, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा, आणि त्यातून आरपार लाकडी खुंटी असेल तर काम जुन्या हाताचं. खिळे लोहाराचे चौकोनी, निमुळते, की तारेचे गोल, म्हणजे नंतरचे? अधिकच्या खुणेचा स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाला, म्हणजे तो नंतरचाच. एका खाचेच्या स्क्रूवरून काहीच ठरत नाही, आम्ही ते कालपरवापर्यंत वापरत होतो. आणि चौकट भिंतीबरोबर उभी राहते, झडपा मागाहून बदलतात. दोन्हींचं वय वेगवेगळं काढा.

नदीकाठ:
नारायण पेठ, तळमजला, म्हणजे पानशेत धरण फुटलं तेव्हाचं पाणी आलं असणार. खालच्या कप्प्याच्या सांध्यांत, रंगाच्या थराखाली सुकलेला गाळ आहे का बघा. असेल तर चौकट बहुधा 12 जुलै 1961 च्या आधीची.

पेठकरीण:
आहे! कोपऱ्यात खरवडलं तर राखाडी गाळ निघाला. चौकटीवर कमीजास्त अंतरावरच्या सरळ खुणा, खुंट्याही आहेत. झडपांवर मात्र कमानी आणि गोल खिळे. म्हणजे झडपा नंतरच्या. आईला सांगितलं, तिचा विश्वास बसत नाहीये.

रंधा:
आईंना म्हणावं, चौकट तरी जुन्या हाताची आहे. खरवडणं आता थांबवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं, कोरडा पॉलिशपेपर तर मारूच नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

लाकूड सागाचं असेल तर हिशेब घनफुटावर होतो. चौकट, फळ्या, झडपा मोजून घनफूट काढा आणि दोन वखारींत भाव विचारा. तो तुमचा तळचा आकडा. अखंड फडताळ त्याहून जास्तीला जातं, पण ते वखारीत नव्हे, जुनं फर्निचर विकणाऱ्यांकडे. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याला फोटो दाखवा. कोरीव काम नाही, तेव्हा लाखाची आशा धरू नका.

भावाचं अवघड आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुरावस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळाला तरच पाठवा.

काढताना पाडकामाच्या माणसांच्या हाती देऊ नका. झडपा आधी उतरवा, फळ्यांवर खडूने क्रमांक घाला, चौकटीचे भिंतीत गेलेले कान मोकळे होईपर्यंत भोवतीचा गिलावा छिन्नीने काढा. कान तुटले की चौकट परत उभी करायला फार त्रास होतो.

पेठकरीण:
कळलं. विकणारच नाही. नवीन फ्लॅटच्या नकाशात त्याच्या मापाची भिंत मागून घेते. साडेपाच फूट बाय सव्वातीन, खोली सव्वा फूट. रंधादादा, काढायला तुम्ही याल का?