गेइशा: कलावंत की फक्त यजमानीण?

मृण्मयी: गेइशा म्हणजे जपानमध्ये पाहुण्यांना साके (तांदळाचं मद्य) ओतणारी, गप्पांत रमवणारी बाई, असंच बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. नाच-गाणं हा त्यांच्या कामाचा गाभा की मैफलीची सजावट? ठरवायचं कशावरून?

मध्यलय: तालमीवरून. क्योतोत मुलगी पंधराव्या वर्षाच्या सुमारास ओकियात, म्हणजे गेइशांच्या घरात, राहायला येते. वर्षभर उमेदवारी, मग माइको (शिकाऊ गेइशा), आणि विशीच्या आसपास गेइको (गेइशाला तिकडे हेच म्हणतात). त्यानंतरही शिकणं सुटत नाही. गिओन कोबू या क्योतोतल्या गेइशा-वस्तीत फक्त इनोउए घराण्याचा नाच चालतो: कंबर खाली, गुडघे वाकलेले, चेहरा जवळपास निर्विकार. तातामीच्या (गवती चटयांच्या) छोट्या खोलीतला नाच असल्यामुळे उड्या मारणं, धूळ उडवणं चालत नाही. गुडघे सरळ झाले की कंबर वर येते आणि सगळा तोल बिघडतो. या घराण्याच्या चौथ्या आणि पाचव्या इनोउए याचियो (घराण्याच्या प्रमुखाकडे पिढ्यान्‌पिढ्या येणारं नाव) यांना जपान सरकारने 1955 आणि 2015 मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. गिओनच्या गेइको शिकतात तो नाच हाच.

खुंटीपिळ्या: नाचापुरतंच बोलू नका. तचिकाता नाचतात, जिकाता गातात-वाजवतात, आणि जिकाता तयार व्हायला फार वेळ लागतो. शामिसेन या तंतुवाद्याला तीनच तारा, पण रेशमी. वाजवता वाजवता स्वर उतरतो. गाणं न थांबवता खुंटी पिळून तो जागेवर आणायचा. शिवाय होनचोशी या स्वरजुळणीतून नि-आगारी या दुसऱ्या जुळणीत जाताना मधली तार चालू गाण्यातच एक पूर्ण स्वर चढवायची. जरा कमी चढली तरी पुढचं सगळं बेसूर. हे ज्याला जमतं त्याला कलावंत नाही तर काय म्हणायचं?

आसावरी: मान्य, पण ओकियाचा खर्च विसरू नका. किमोनो, शिक्षण, जेवण सगळं ओकिया करते. माइकोला नियमित पगार नसतो, काम करूनच ते फेडायचं. त्यातल्या पिळवणुकीवर बोललंच पाहिजे, फक्त त्यावरून कलेला खोटं ठरवू नये. वेश्याव्यवसायाशी घातलेली गल्लत तर जुनीच. योशिवारा या एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) वेश्यावस्तीत 1779 मध्ये गेइशांवर देखरेखीसाठी वेगळी कचेरी निघाली, ती त्यांनी ओइरानांचं (वरच्या दर्जाच्या वेश्यांचं) गिऱ्हाईक पळवू नये म्हणून.

मध्यलय: मृण्मयी, एप्रिलमध्ये क्योतोला जाणं झालं तर 'मियाको ओदोरी' हा गिओन कोबूच्या गेइको-माइकोंचा नृत्यप्रयोग पाहा. 1872 पासूनची परंपरा, तिकीट काढून कुणालाही जाता येतं. तासाभरात आठ प्रवेश, मध्ये पडदा पडत नाही. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या गायिका-वादिकांकडे लक्ष ठेवा, त्याही गेइको-माइकोच असतात.