दिवाळीआधी फरशी बदलायची आहे, सल्ला हवा

ए-३०४: नमस्कार मंडळी 🙏 हॉल आणि पॅसेजची जुनी सिरॅमिक फरशी बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजते. सोफ्यापाशी तर दोन टाइल्स उठल्यात. दिवाळीच्या आत काम उरकायचंय. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेही बघायला हवं. व्हिट्रिफाइड, वुडन की कोटा?

बी-१०१: वुडन एकदम झक्कास दिसतं!

सी-५०३: दिसतं खरं. पण ताई, वुडन म्हणून दुकानदार काय देतोय ते आधी विचारा. लॅमिनेटच्या आत लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड असतो. बाल्कनीतून पावसाचं पाणी आत आलं की सांध्यापाशी फुगतो, मग परत बसत नाही. एसपीसीला, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या फळ्यांना, पाण्याची भीती नाही, पण खालची लेव्हल नीट नसेल तर चालताना तेही कुरकुरतं.

ए-३०४: मग कोटा? माहेरी होता, उन्हाळ्यात पाय ठेवला की गार वाटायचं.

ए-२०२: ताई, आयुष्य साइटवर गेलं म्हणून जरा लांबलचक लिहितो. कोटा चांगलाच, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं ॲसिड पडलं की पॉलिश गेलंच. मार्बलचंही तेच. शिवाय बसवल्यावर घासाई-पॉलिश आलं, म्हणजे राहत्या घरात चिखलच चिखल. आजी घरात असताना मी तरी सांगणार नाही.

व्हिट्रिफाइड घ्या, मॅट फिनिश. चकचकीत टाइल ओली झाली की पाय सटकतो. डबल चार्ज घेतलीत तर वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर असतो, घासून लवकर जात नाही. जीव्हीटीत, म्हणजे वर काचेचा थर दिलेल्या व्हिट्रिफाइडमध्ये, डिझाइन भरपूर, पण छपाई फक्त वरच्या थरात. सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना ते बघा, आणि दहा टक्के जास्त घ्या. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यातून पुढच्या वेळी तीच शेड येईल याची खात्री नाही.

ए-३०४: काका, मिस्त्री म्हणतो तोडफोड नको, फरशीवर फरशी बसवू. दोन दिवसांत काम.

ए-२०२: जिथे पोकळ वाजतंय तिथे अजिबात नको. खालचीच सुटली तर वरची कशाला धरून राहील? शिवाय टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून बारा-पंधरा मिलिमीटर उंची वाढते. दारं खालून तासावी लागतील, आणि पॅसेजमधून खोलीत जाताना आजींच्या पायाला नवी ठेच. काढूनच टाका. व्हिट्रिफाइड पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही. ॲडेसिव्हच वापरायला लावा, मागची बाजू पूर्ण भरून. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून नाही. आणि स्पेसर घालायला सांगा. सांधा न ठेवता खेटून बसवली की टाइलला प्रसरणाला जागा उरत नाही, मग ती उठते. तुमची बहुतेक तशीच उठली असणार.

बी-१०१: दुकानदार तर म्हणतात सांधे दिसत नाहीत तेच छान 😄

सेक्रेटरी: ताई, दोन गोष्टी. बाथरूमच्या फरशीला हात लावणार असाल तर आधी कळवा. वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्यांचं छत ओलं होतं, आणि उपविधींप्रमाणे संडास-बाथरूममधल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाच्याच खर्चाने. दुसरं, राबिट (तोडफोडीचा मलबा) गोण्यांत भरून त्याच दिवशी टेम्पोने बाहेर. मागच्या कामाचं अजून लॉनवर पडलंय.

सी-२०१: त्या लॉनबद्दल बोलूच या. राबिट पडलं तिथलं गवत पार जळलंय. सिमेंटचा चुरा मातीत मिसळला की माती अल्कधर्मी होते, नुसतं पाणी मारून काय उपयोग? वरची चार-सहा इंच माती काढून लाल माती आणि शेणखत घालावं लागेल. माळीदादा बिचारे रोज पाइप धरून उभे.

बी-४०४: सरळ आर्टिफिशियल टर्फ टाका. पाणी नको, माळी नको.

सी-२०१: एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी उभे राहून दाखवा, मग ठरवू. आणि करंजाखाली मेक्सिकन लॉन कधीच येणार नाही, त्याला ऊन लागतं. दर वर्षी तिथे नवा गालिचा अंथरतो आणि पावसाळा संपेपर्यंत चिखल होतो. त्या पट्ट्यात सिंगोनियम, स्पायडर प्लांट, नेचे लावा. उन्हातलं लॉन ठेवा, पण कापताना एक तृतीयांशच कापा. आपण एकदम बोडकं करतो म्हणून पिवळं पडतं.

ए-२०२: पोडियमवरच्या कुंडीशेजारी आपोआप उगवलेला पिंपळ कोणी काढणार आहे का? मुळं स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगमध्ये शिरली की पार्किंगमध्ये ठिबक सुरू. तिथला पाण्याचा आउटलेट मातीखाली बुजलाय, दुरुस्तीला सुरुवात तिथूनच करा. लॉन नंतर.

सेक्रेटरी: माळीदादांना उद्या सकाळी आउटलेट उकरायला सांगतो. पिंपळ रोप आहे तोवरच निघेल. मोठा झाला तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढत बसावं लागेल.

ए-३०४: ठीक. मॅट व्हिट्रिफाइड, जुनी काढून. बाथरूमला हात लावत नाही. गोण्या मागच्या गेटपाशी ठेवल्या तर चालतील?

सेक्रेटरी: चालतील, संध्याकाळपर्यंत उचला. लिफ्टला आतून प्लायवूड लावून घ्या.

बी-३०२: आणि कटर मशीन दुपारी दोन ते चार बंद ठेवायला सांगा प्लीज. घरात बारावीचा विद्यार्थी आहे.