साबणाचा पडदा फुटतानाचा वेग गणितापेक्षा कमी का येतो?

रावपुरेकर: मी बडोद्यात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकतो. तारेच्या १२ सेंटीमीटर व्यासाच्या कड्यावर साबण-ग्लिसरीनच्या द्रावणाचा पडदा आडवा धरून, तो मधोमध कोरड्या सुईने टोचून, सेकंदाला ९६० चित्रे टिपणाऱ्या मोबाईलवर मी छिद्र पसरताना चित्रित केले. रंगांवरून जाडी सुमारे १ मायक्रोमीटर ठरवली आणि पृष्ठताण ०.०२५ न्यूटन प्रति मीटर धरला. दोन्ही पृष्ठभाग नाहीसे होताना मोकळी होणारी सगळी ऊर्जा गतीत उतरते असे मानल्यास वेग सेकंदाला १० मीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो ७ च्या आसपास येतो. श्यानतेचा (द्रवाच्या चिकटपणाचा) परिणाम असेल म्हणून ग्लिसरीन थोडे वाढवून पाहिले, तरी फारसा फरक पडला नाही. माझे काय चुकते आहे?

निवृत्त प्राध्यापक, दांडिया बाजार: मोजमाप नव्हे, गृहीतक चुकले आहे, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण १८६७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द्युप्रे यांनीही नेमके हेच गृहीत धरले होते. टेलर (१९५९) आणि क्यूलिक (१९६०) यांनी ऊर्जेऐवजी संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) हिशेब मांडला. छिद्राची कड मागे सरताना वाटेतले स्थिर द्रव, केरसुणीपुढे केर साठावा तसे, स्वतःत गोळा करत जाते. तिच्यावरचे बल एकक लांबीला पृष्ठताणाच्या दुप्पट, म्हणजे कायम तेवढेच असते, पण वस्तुमान सतत वाढते, म्हणून वेग स्थिर राहतो. त्या वेगाचा वर्ग म्हणजे दुप्पट पृष्ठताणाला घनता आणि जाडी यांच्या गुणाकाराने भागून येणारी संख्या. तुमचे आकडे घातल्यास सेकंदाला ७.१ मीटर येतात. स्थिर द्रव कडेला चिकटून तिचा वेग घेते, तो अप्रत्यास्थ आघातच (आदळून एकत्र चिकटण्याची टक्कर) असल्यामुळे निम्मी ऊर्जा खर्च होणे अटळ आहे. श्यानतेवर कड किती रुंद होईल हे अवलंबून असते. ऊर्जेचा खर्च किती, हे नव्हे.

थेंबेथेंबे: विवेचन पटले, परंतु आकडा इतका नेमका जुळला याचा मला थोडा संशय येतो. फिके गुलाबी आणि हिरवे पट्टे आलटून पालटून येतात, तेव्हा पडदा उभा धरून वरच्या, सर्वांत पातळ म्हणून काळ्या दिसणाऱ्या भागापासून पट्टे मोजल्याखेरीज जाडी निश्चित सांगता येत नाही. शिवाय मे महिन्यातल्या आपल्याकडच्या कोरड्या हवेत, त्यात पंखा सुरू असेल तर, बाष्पीभवनाने पडदा पाहता पाहता पातळ होतो. कडे तोलून जाडी काढण्याच्या फंदातही पडू नये: १ मायक्रोमीटर जाडीचा हा पूर्ण पडदा जेमतेम ११ मिलिग्रॅमचा असतो आणि तारेलगत साठलेले द्रव त्याहून जड भरू शकते.

रावपुरेकर: दोघांचेही आभार. पंखा चालूच होता. आता पट्टे मोजून पाव मायक्रोमीटर जाडीचा पडदा फोडून पाहीन. वेग दुप्पट, म्हणजे १४ मीटर यायला हवा, मात्र तेवढ्यात माझ्या मोबाईलला चारच चित्रे मिळतील.