मदत हवी आहे: पहिल्या पुस्तकातल्या दोन प्रसंगांचं काय करू?

ठाण्यातल्या नौपाड्यात समुपदेशन करते. घरातल्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांच्या थकव्यावर पहिलं पुस्तक लिहून झालंय, मराठीत, साधारण ४२,००० शब्द. अडलंय ते सात खऱ्या प्रसंगांवर. नावं, वय, व्यवसाय, गाव सगळं बदललंय. पाच जणांची लेखी संमती आहे. उरलेल्या दोघांचे नंबर बंद, पत्रही परत आलं. आणि नेमके तेच दोन प्रसंग पुस्तकाचा कणा आहेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं गोपनीयतेचं कलम २३ वाचलं. पण नाव न घेता सांगितलेल्या गोष्टीला ते कुठवर लागू होतं, ते मला उमगत नाही. प्रकाशक म्हणाले, "नाव बदललं ना, मग झालं." मला नाही पटत. ठाण्यात कोण कुणाचा मावसभाऊ निघेल, नेम नाही!

छपाई, आयएसबीएन वगैरे विचारत नाहीये, ते जमेल. काल्पनिक पात्रं नकोत, पुस्तकाचा जीवच जाईल.

असं पुस्तक काढलेल्यांनी सांगा: संमती न मिळालेले प्रसंग गाळलेत, की दोन-तीन माणसं मिसळून एक केलंत? आणि छापण्याआधी हस्तलिखित या नजरेने वाचून देणारा वकील ठाणे-नवी मुंबईत कुणाला माहीत आहे का, साधारण फी किती घेतात?