मदत हवी आहे : दुसरीतल्या मुलाचं लिखाण ऑनलाइन शाळेत कसं सुधारावं?

नमस्कार. मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. यंदा, २०२० मध्ये, कोरोनामुळे जूनपासून शाळा मोबाईलवरच आहे. घरात स्मार्टफोन एकच. तो यांच्या कामाचा, पण सध्या हे घरूनच काम करतात म्हणून सकाळी मिळतो.

बोलणं, गोष्ट ऐकणं, पाढे हे सगळं छान चाललंय. अडलंय ते लिखाण. 'प्र' आणि 'र्प' मध्ये अजून गोंधळ होतो, 'क्ष' तर उजवीकडून काढायला सुरुवात करतो. वर्गात बाईंनी हात धरून गिरवून घेतलं असतं. आता मी वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते आणि उत्तरात नुसता अंगठा येतो. बाईंना तरी काय म्हणणार, चाळीस वह्यांचे फोटो त्या छोट्या स्क्रीनवर तपासायचे म्हणजे डोळे जातात.

दुसरं म्हणजे वेळ. केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं सांगितली आहेत. आमच्याकडे सलग तीन तास वर्ग चालतो. शेवटी शेवटी मुलगा डोळे चोळत बसतो, मला बघवत नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका मात्र तो उड्या मारत बघतो, कारण तिच्यात करायला काहीतरी असतं.

जोडाक्षरं घरी कोणी कशी पक्की करून घेतली? आणि तास कमी करायला शाळेशी कोणी बोललंय का? एकेकट्याने बोलावं की पालकांनी मिळून अर्ज द्यावा? अनुभव असेल तर जरूर सांगा.