मदत हवी आहे : सेकंडहँड हायाबुसाचा ताशी 299 किमीचा लिमिटर (त्यापुढे वेग जाऊ न देणारी सोय) काढलाय का, कसं ओळखायचं?

खारघरला 2015ची सुझुकी हायाबुसा बाईक (1340 सीसी) बघून ठेवली आहे. विकणारा छाती ठोकून सांगतो, "लिमिटर उडवलाय, तीनशेच्या वर जाते." मला नेमकं तेच नकोय. 1999ची पहिली बुसा तीनशेपार जायची, मग जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी आपसांत 299वर थांबायचं ठरवलं, एवढं ठाऊक आहे. "पळवून बघ" म्हणू नका. पाम बीच रोडवर असले प्रयोग करणार नाही.

सीट-टाकी उचलून पाहिली. वेगळा फ्युएल कंट्रोलर (इंधनाचं प्रमाण बदलणारा डबा) नाही, सायलेन्सरही मूळचाच. पण गिअर पोझिशन सेन्सरच्या वायरीवर काळी टेप गुंडाळलीय, ती कंपनीची वाटत नाही. (लिमिटर चुकवायला ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पाचवा गिअर भासवणारा जोड तिथेच लावतात ना!) वाशीतला मेकॅनिक न बघताच "चालतं हो" म्हणाला. सर्व्हिस रेकॉर्ड अर्धवट आहे, आणि व्यवहार होईपर्यंत मालक ईसीयू काढू देणार नाही.

तर ईसीयू न काढता, बाईक जागेवर उभी असताना, तो फ्लॅश केलाय (आतला प्रोग्रॅम बदललाय) की नुसता सेन्सरचा जोड आहे हे कळू शकतं का? आणि ठाणे-नवी मुंबईत मूळ मॅप (कंपनीचा प्रोग्रॅम) परत टाकून देणारं खात्रीचं कोणी आहे का?